बटाट्याची फुलं आणि खरं बी: खरिपातल्या लागवडीपासून स्वतःच्या वाणापर्यंत

मंचरच्या बाजारात पंजाबातून आलेली बटाट्याची पोती उतरतात, त्याला सगळे बियाणं म्हणतात. प्रत्यक्षात ते जमिनीखाली फुगलेलं खोड. कुफरी ज्योतीचा कंद लावला की कुफरी ज्योतीच उगवणार, त्यात काही बदल होत नाही. खरं बी वेगळंच. ते फुलातून येतं, हिरव्या फळात भरतं, आणि त्यातला प्रत्येक दाणा म्हणजे आजवर कुणीही न पाहिलेला एक बटाटा असतो. पांढऱ्या सालीच्या आईच्या पोटी लाल सालीचा निघेल, लांबट निघेल, कडू निघेल, क्वचित आईपेक्षा सरसही निघेल.

इथे सांगितलेली लागवड त्या फुलांसाठी आणि त्या बियांसाठी आहे. खाण्यापुरते बटाटे मिळाले तर मिळाले. ही अट आधी मान्य करा, कारण पुढे काही ठिकाणी कंद मुद्दाम तोडून टाकायचे आहेत आणि तिथे हात अडतो.

कळी गळते कुठे?

आपल्याकडे रब्बीत बटाटा लावणाऱ्या पुष्कळ जणांनी फळ सोडाच, धड फूलही पाहिलेलं नसतं. याचा दोष बेण्याचा नाही. बटाट्याला फुलायला मोठा दिवस आणि गार हवा दोन्ही लागतं. दिवस चौदा-सोळा तासांचा आणि रात्र पंधरा ते वीस अंशांची असेल तर झुपकेच्या झुपके येतात. दिवस लहान झाला की झाड कंद भरण्याच्या मागे लागतं. कळी धरते, पण देठाच्या मधोमध एक बारीक सांधा असतो, तिथून ती पिवळी पडून गळते. झाडाखाली मोहरीएवढ्या कळ्या पडलेल्या दिसल्या तर देठ बघा. तुटलेली जागा त्या सांध्यावरच असते.

केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ मध्ये पाटण्याला सुरू झाली आणि १९५६ मध्ये शिमल्याला हलली, त्यामागचं एक कारण हेच. गंगेच्या मैदानात हिवाळ्यात पीक भरपूर, पण संकर करायला फुलंच नाहीत. शिमल्याजवळच्या कुफरीला उन्हाळ्यात दिवस चौदा तासांहून मोठा आणि हवा गार. म्हणून आपल्या बहुतेक वाणांच्या नावापुढे ‘कुफरी’ लागतं.

पुण्याला जूनअखेरचा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा, डिसेंबरचा अकरा. म्हणजे रब्बीत फुलांची आशा सोडायची, किंवा दिवा लावायचा. खरिपात मात्र बऱ्यापैकी जमतं: दिवस मोठा, ढगाळ हवेमुळे दुपार सौम्य. खेड, आंबेगाव, जुन्नर, खटाव या पट्ट्यात खरिपाचा बटाटा आहेच, आणि तिथे ऑगस्टच्या सुमाराला वरंब्यांवर फुलं दिसतात. महाबळेश्वर-पाचगणीची हवा याहून बरी. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यातला दमटपणा झाडाला टिकू देत नाही. तिथे डिसेंबरात कुंडी आणि दिवा एवढाच मार्ग, आणि रात्री उबदार असल्याने त्याचीही खात्री नाही. लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी यातलं काहीच करायला नको. एप्रिलमध्ये कंद पुरला की जून-जुलैत फुलं आपोआप येतात.

बेणं निवडताना

एकच वाण लावू नका. निदान दोन, जमल्यास तीन. काही वाण भरपूर फुलतात पण त्यांच्या परागात जीव नसतो, काही नुसती कळी धरून टाकून देतात. दोन-तीन वाण शेजारी असले की कुणीतरी बाप व्हायला उपयोगी पडतं.

कुफरी ज्योती सहज मिळतो, फूल पांढरं. लाल सालीचा कुफरी सिंधुरी मिळाला तर जरूर घ्या, त्याचं फूल जांभळट. महाराष्ट्राच्या पठारासाठी काढलेला कुफरी लवकर कुणा जुन्या शेतकऱ्याकडे मिळाला तर तोही ठेवा. भाजीच्या बाजारातला बटाटा शक्यतो नको; शीतगृहात कोंब येऊ नये म्हणून त्याला औषधाची धुरी दिलेली असू शकते, आणि विषाणूही बरेच असतात. पानं मुरडलेली, चट्टे पडलेली झाडं फुलायलाही कुचराई करतात.

खरिपात कंद कापून लावू नये. ओल्या, उबदार जमिनीत कापलेली फोड सडते. तीस-चाळीस ग्रॅमचा, साधारण कोंबडीच्या लहान अंड्याएवढा अख्खा कंद घ्या. लावण्याआधी दोन-तीन आठवडे उजेडात पण उन्हात नाही, अशा जागी पसरून ठेवा. हिरवट-जांभळे, आखूड, जाड कोंब यायला हवेत. अंधारात आलेले लांब पांढरे कोंब हात लागताच मोडतात.

लागवड

जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, पाऊस लांबला तर पाणी देऊनही, लावून टाका. घाई का, तर हिशेब असा आहे: कळी दिसायला पाच-सहा आठवडे, फूल उमलायला आणखी आठवडाभर, फळ पिकायला सहा ते आठ आठवडे. एकूण साडेतीन महिने झाड हिरवं राहिलं पाहिजे. कंदासाठी लावलेलं खरिपाचं पीक त्याआधीच पिवळं पडतं किंवा लोक पाला कापून टाकतात. जुलैअखेरीस लावलेल्या झाडाला फळ धरलं तरी ते भरायच्या आत झाड बसतं.

वरंब्यावर नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा, दोन झाडांत दीड फूट तरी. हवा खेळली पाहिजे, आणि फुलं हाताळायला तुम्हाला मध्ये बसता आलं पाहिजे. कुंडीत लावायचं तर बारा इंची, तळाला भरपूर भोकं असलेली. अर्धी माती, पाव शेणखत, पाव कोकोपीट चालेल. प्रत्येक झाडाला सुरुवातीलाच हातभर उंचीची काठी रोवा. फांदी आडवी झाली की शेंड्यावरचा झुपका चिखलात लोळतो.

खताच्या बाबतीत एवढंच: नत्र एकदम देऊ नका, पण तोडूही नका. कंदाच्या पिकात शेवटी नत्र थांबवतात, म्हणजे झाड आवरतं घेतं. आपल्याला ते आवरतं घ्यायला नको आहे. कळी दिसल्यापासून दर दहा-बारा दिवसांनी थोडं थोडं द्या, म्हणजे नवी पानं आणि नवे झुपके येत राहतात.

आता विटेची युक्ती. बटाटा पैदाशीत काम करणारे लोक ती वापरतात आणि घरीही सहज जमते. कंद आणि फळ एकाच झाडाच्या अन्नावर पोसतात. कंद भरू लागले की ओढ तिकडे जाते आणि कळी गळते. म्हणून कुंडीत किंवा वाफ्यात एक वीट आडवी ठेवायची, तिच्यावर कंद, आणि वरून मातीचा ढीग. मुळं विटेच्या कडांवरून खाली मातीत उतरतात. झाड चार-पाच आठवड्यांचं झालं की पाण्याच्या हलक्या धारेने वरचा ढीग धुऊन काढा. आता खोडाचा तळ उघडा पडतो. पांढऱ्या, दोऱ्यासारख्या, टोकाला किंचित फुगलेल्या ज्या फांद्या आडव्या निघालेल्या दिसतात त्या खाली उतरलेल्या मुळांपेक्षा जाड आणि गुळगुळीत असतात. त्या कात्रीने कापा. खाली गेलेली तंतुमुळं मात्र तशीच राहू द्या. झाड काठीला नीट बांधा, कारण त्याचा आधार आता गेला. पुढे दर आठवड्याला पाहायचं आणि नवे दोरे कापायचे. सगळ्या झाडांना हे करायची गरज नाही. ज्या वाणाची कळी हमखास गळते त्याच्या तीन-चार झाडांना करा.

टोमॅटोच्या रोपावर बटाट्याच्या शेंड्याचं पाचर कलम बांधणं हा त्याच तत्त्वाचा पुढचा प्रकार. टोमॅटोचं मूळ कंद धरत नाही, त्यामुळे वरचा बटाटा फुलत राहतो. कलम दहा-बारा दिवस प्लॅस्टिकच्या पिशवीत, सावलीत ठेवावं लागतं. कधीकधी जागा न मिळालेले कंद पानांच्या बगलेत, खोडावरच हिरव्या गाठींसारखे येतात. ते खुडून टाका. गंमत म्हणून एक कलम करून पाहायला हरकत नाही, पण माझं मत विटेकडेच झुकतं. तिला कौशल्य लागत नाही.

दिवा लावायचा असेल तर

रब्बीत किंवा शहरातल्या गच्चीवर करायचं असेल तर सूर्यास्तापासून चार-साडेचार तास दिवा. चार-पाच कुंड्यांना नऊ-बारा वॅटचा एक पांढरा एलईडी, झाडाच्या शेंड्यापासून तीन फुटांवर, टायमरला जोडलेला. या उजेडावर झाड वाढत नाही, फक्त दिवस मोठा असल्याची त्याची समजूत होते. त्यामुळे फार प्रखर दिवा नको, पण खंडही नको. झाड वीतभर झाल्यापासून पहिली फळं धरेपर्यंत रोज लावा. त्रिपुरात, आगरतळ्याजवळच्या नागिचेर्र्याला, बटाट्याचं संकरित खरं बी तयार करतात. तिथेही मैदानी हिवाळ्यातला लहान दिवस दिव्यांनीच लांबवावा लागतो. त्या उद्योगामागचं गणित मोठं गमतीचं आहे: हेक्टरभर लागवडीला बेणं दोन-अडीच टन लागतं, खरं बी शंभर-दीडशे ग्रॅम. मात्र ते पारखलेल्या आईबापांचं बी असतं. घरच्या फळातल्या बियांकडून तशा एकसारख्या पिकाची अपेक्षा ठेवू नका.

करपा

खरिपात फुलांचा हंगाम आणि करप्याचा हंगाम एकच. १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये ज्याने दुष्काळ आणला तोच हा उशिरा येणारा करपा. पानाच्या कडेला पाणी शोषल्यासारखा काळपट डाग, आणि सकाळी पान उलटलं तर डागाच्या कडेने पांढरी भुकटी. सलग ढगाळ, रिमझिम हवा असेल तर चार दिवसांत वाफा झोपतो. डाग दिसायची वाट न पाहता महिन्याच्या झाडावर मँकोझेब हे बुरशीनाशक, लिटरला दोन ते अडीच ग्रॅम, आणि पुढे पावसाप्रमाणे आठ-दहा दिवसांनी. ज्यांना रसायन नको त्यांनी गच्चीवर पत्र्याखाली कुंड्या ठेवाव्यात. पान कोरडं राहिलं की निम्मं काम होतं. खालची जमिनीला टेकणारी पानं काढून टाका. शेजारी टोमॅटो नको, त्यालाही हाच रोग होतो.

भर दुपारी झाड अचानक मान टाकतं आणि पाणी देऊनही उठत नाही, ती मर. खोड कापून पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात धरलं की दुधासारखी धार खाली उतरते. असं झाड मातीसकट उचलून बाहेर काढा. त्या जागी पुढची काही वर्षं बटाटा, टोमॅटो, वांगं, मिरची काहीच लावू नका.

फुलकिडे आणि मावा यांच्यासाठी निळे-पिवळे चिकट सापळे. फुलं उमललेली असताना कीटकनाशक फवारायचं नाही.

फूल जवळून

बटाट्याचं फूल निवांत बघण्यासारखं असतं. पाच पाकळ्या खालून जोडलेल्या, त्यामुळे चांदणीच्या आकाराची एक चकतीच. पांढऱ्यापासून फिक्या जांभळ्या, गुलाबी, गडद जांभळ्यापर्यंत रंग. मधोमध पाच परागकोषांचा पिवळा सुळका आणि त्याच्या टोकातून बाहेर डोकावणारी हिरवी कुक्षी, म्हणजे पराग घेणारं स्त्रीभागाचं टोक. अठराव्या शतकात बटाटा खायला कचरणाऱ्या फ्रेंचांना वळवण्यासाठी पारमांतिए या गृहस्थाने राजाला ही फुलं दिली. सोळाव्या लुईने ती कोटावर आणि मारी आंत्वानेतने केसांत माळली, असं सांगतात.

बापाची पारख परागकोषाच्या रंगावरून होते. गर्द नारिंगी-पिवळे, जाड, टोकाशी मिळालेले कोष असतील तर पराग चांगला असण्याची शक्यता बरीच. फिके, हिरवट-पिवळे, चिपाडासारखे बारीक कोष म्हणजे वांझ. असा वाण आई म्हणून चालतो, बाप म्हणून नाही.

फुलाला मध नसतो, त्यामुळे मधमाश्या सहसा फिरकत नाहीत. शिवाय पराग कोषाच्या टोकाच्या दोन बारीक छिद्रांतून बाहेर पडतो, मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसा, म्हणजे हलवल्याशिवाय नाहीच. हिमालयात हे काम मोठ्या केसाळ भुंगमाश्या करतात. फुलाला लटकून पंखांचे स्नायू थरथरवतात आणि परागाचा फवारा अंगावर घेतात. आपल्याकडे काळे भुंगे आणि पोटावर निळे पट्टे असलेल्या माश्या तसं करतात, पण पावसाळ्यात, गच्चीवर, त्यांच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

हाताने करायचं सगळ्यात सोपं काम म्हणजे स्वपरागण. सकाळी, पाऊस उघडलेला असताना, बॅटरीवर चालणारा टूथब्रश सुरू करून त्याची पाठ फुलाच्या देठाला टेकवायची. केसांची बाजू नव्हे. दोन-तीन सेकंद पुरे. पराग चांगला असेल तर कोषाच्या टोकाखाली धरलेल्या काळ्या कागदावर पिवळसर धूळ दिसते. एकेक फूल साधारण दोन ते चार दिवस उमलतं आणि रात्री मिटतं. उमललेलं असेपर्यंत रोज हे करा.

दोन वाणांचा संकर

थोडी मेहनत घ्यायची तयारी असेल तर स्वपरागणावर थांबू नका. आपल्या नेहमीच्या बटाट्यात गुणसूत्रांचे दोन नव्हे, चार संच असतात, एकूण अठ्ठेचाळीस गुणसूत्रं. स्वतःच्याच परागाने धरलेल्या बियांतली रोपं बऱ्याचदा किरकोळ निघतात. वेगळ्या वाणाचा बाप दिला की रोपांचा जोम लगेच दिसतो.

आदल्या दिवशी बापाच्या ताज्या उमललेल्या फुलांचे परागकोष चिमट्याने काढून कागदावर, पंख्याच्या थेट वाऱ्यापासून दूर, रात्रभर वाळत ठेवा. सकाळी ते छोट्या झाकणाच्या बाटलीत घालून टिचक्या मारा. तळाला पिवळी पूड जमते. लगेच वापरायची नसेल तर बाटली सिलिका जेलच्या पुडीसकट फ्रीजमध्ये आठवडाभर टिकते.

आईच्या झुपक्यातली उद्या उमलेल अशी कळी निवडा. ती फुगलेली असते आणि पाकळ्यांचा रंग टोकाशी दिसू लागलेला असतो, पण चकती अजून मिटलेली. बारीक चिमट्याने पाकळ्या बाजूला करून पाचही कोष मुळापासून काढायचे, कुक्षीला धक्का न लावता. कोष या वेळी फुटलेले नसतात, म्हणून फूल स्वतःचा पराग घेऊ शकत नाही. उमललेल्या फुलावर हे काम करण्यात अर्थ नाही, तोवर उशीर झालेला असतो. एका झुपक्यात अशा चार-पाच कळ्या तयार करा आणि बाकीच्या, लहानमोठ्या सगळ्या, खुडून टाका. त्याच दिवशी आणि दुसऱ्या सकाळी कुक्षीचं टोक परागाच्या पुडीत बुडवल्यासारखं करा. ओलसर, चकचकीत टोकाला पूड चिकटलेली दिसते. वांझ परागाच्या आईला हे कोष काढण्याचं काम करावंच लागत नाही.

देठाला दोरा आणि चिठ्ठी: आई, बाप, तारीख. पेन्सिलने लिहा, पेनाची शाई पहिल्या सरीत जाते.

पाऊस थांबतच नसेल तर कळ्यांची फांदी फूटभर लांब कापून, खालची पानं काढून, पाण्याच्या बाटलीत घरात खिडकीशी ठेवता येते. पाणी एक-दोन दिवसांनी बदला. गार खोलीत अशा फांदीवरही फळ धरतं, कारण तिला पोसायला कंदच नसतात. संकराचं काम टेबलावर बसून करता येतं, हा त्यातला खरा फायदा.

फळ

आठवड्याभरात देठ खाली वाकला आणि सांध्यापाशी पिवळा पडला नाही, तर फळ धरलं. ते हळूहळू गोटीएवढं होतं. टोमॅटोच्या कच्च्या फळासारखं दिसतं आणि तिथेच धोका आहे. हे फळ खायचं नाही. सोलॅनिन आणि त्याच्या भाऊबंदांचं प्रमाण त्यात जास्त असतं. पोटात दुखणं, उलट्या आणि जास्त खाल्लं गेल्यास याहून गंभीर त्रास होतो. घरात लहान मुलं असतील, शेळ्या-गुरं मोकळी असतील तर वाफ्याला जाळी करा. शेजारच्यांनाही सांगून ठेवा. कामोणीची फळं खाणाऱ्या मुलांना हे फळ त्याच जातीचं वाटू शकतं.

एका झुपक्यावर पाच-सहाच फळं ठेवा. सुरुवातीच्या, नीट पोसलेल्या फळांतलं बी जड आणि उगवायला चांगलं असतं. पिकल्यावर फळ लाल होत नाही. हिरवंच राहतं, फार तर फिकट किंवा जांभळट होतं, पण बोटाला मऊ लागतं आणि वासाला गोडसर येतं. मग ते स्वतःहून गळतं, आणि गवतात पडलेलं हिरवं फळ काही सापडत नाही. अमेरिकेत १८७२ च्या सुमाराला ल्यूथर बरबँक या तरुणाला क्वचितच फळणाऱ्या ‘अर्ली रोज’ वाणावर एकच फळ दिसलं होतं. ते गळून पडलं आणि त्याला ते शोधत बसावं लागलं. त्यातल्या तेवीस बियांपैकी एका रोपापासून बरबँक बटाटा निघाला, आणि त्याच्याच खरखरीत सालीच्या ‘रसेट बरबँक’ या प्रकारापासून आज फ्रेंच फ्राइज होतात. गंमत म्हणजे त्या रसेट बरबँकचा परागच वांझ आहे.

तेव्हा फळ धरल्यावर महिन्याभराने झुपक्याला जाळीदार कापडाची छोटी पिशवी बांधा, भाजीवाल्याकडच्या लसणाच्या जाळीची चालते. झाड आधीच वाळू लागलं तर फळं देठासकट काढून खोलीत ठेवा. सहा आठवड्यांची झालेली असली तर मऊ होतात आणि बी भरतं.

बी काढणं आणि झोप मोडणं

मऊ फळ चिरडून पेल्यात पाणी घालून एक-दोन दिवस ठेवा, टोमॅटोचं बी काढतो तसंच. चिकट आवरण सुटतं. मग तीन-चारदा पाणी बदलून धुवा. गर आणि पोकळ बी वर तरंगतं, भरीव बी तळाला बसतं. चहाच्या गाळणीतून निसटेल इतकं ते बारीक असतं, म्हणून गाळणीत मलमलचा तुकडा घाला. ग्रॅमभरात साधारण दीड हजार दाणे बसतात आणि एका चांगल्या फळात शंभर ते तीनशे. बशीवर पसरून सावलीत दोन-तीन दिवस वाळवा. वर्तमानपत्रावर नको, चिकटतं. कागदी पुडीवर आई, बाप आणि वर्ष लिहा. पुड्या हवाबंद बाटलीत सिलिका जेलबरोबर फ्रीजमध्ये ठेवा. असं बी दहा वर्षंसुद्धा उगवतं.

बियांतून बटाट्याचे बहुतेक विषाणू पुढे जात नाहीत, हा मोठा लाभ. पण याला अपवाद आहेत. कंद चातीसारखे निमुळते करणारा स्पिंडल ट्युबर व्हिरॉइड (विषाणूहूनही साधा रोगकारक) बियांतून आणि परागातूनही जातो. म्हणून खुरटलेल्या, विचित्र पानांच्या झाडाला आई किंवा बाप करू नका.

ऑक्टोबरात काढलेलं बी नोव्हेंबरात पेरलं तर बहुधा उगवणार नाही. ताजं बी पाच-सहा महिने, कधी जास्तही, झोपेत असतं. घाई नसेल तर पुढच्या ऑक्टोबरपर्यंत थांबा. मी तरी तेच सांगेन. घाईच असेल तर जिबरेलिक आम्ल या झोप मोडणाऱ्या वाढसंजीवकाच्या १५०० पीपीएम (दहा लाखांत दीड हजार भाग) द्रावणात चोवीस तास भिजवायचं. म्हणजे शंभर मिलिलिटर पाण्यात दीडशे मिलिग्रॅम शुद्ध पावडर, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून. खतांच्या दुकानात मिळणाऱ्या ०.००१ टक्क्याच्या बाटलीने हे होत नाही. तिच्यात अवघं १० पीपीएम असतं.

रोपं

पेरणी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर. पंधरा ते वीस अंशाला उगवण चांगली, पंचवीसच्या वर खूपच घटते, म्हणून जूनमध्ये पेरू नका आणि ट्रे दुपारच्या उन्हात ठेवू नका. प्रो-ट्रेमध्ये, म्हणजे रोपांसाठीच्या खळग्यांच्या प्लॅस्टिक ट्रेमध्ये, बारीक चाळलेलं कोकोपीट, प्रत्येक खळग्यात दोन दाणे, वर अर्धा सेंटिमीटर थर. पाणी फवाऱ्याने. आठ ते बारा दिवसांत दोन अगदी चिमुकली पानं वर येतात, टोमॅटोच्या रोपाच्या निम्मीसुद्धा नाहीत. पुढचे तीन आठवडे ते जागचं हलतच नाही असं वाटतं. त्या काळात जास्त पाणी घातलं की मान मोडून कोलमडतं.

चार-पाच खरी पानं आली की पुनर्लागण. इथे एक बारकावा आहे. बीपासून आलेल्या झाडाचे कंद धरणारे दोरे मुख्यतः पहिल्या दोन बीजपानांच्या बगलेतून निघतात. रोप त्या पेरापर्यंत खोल लावलं पाहिजे, नाहीतर दोरे हवेत निघतात आणि हिरवी फांदी होऊन बसतात. पुढे दोनदा मातीची भर. पहिले चार-पाच दिवस सावली. एका फळातलं सगळं बी लावायच्या फंदात पडू नका; चाळीस-पन्नास रोपं सांभाळता आली तरी पुष्कळ.

निवड

फेब्रुवारी-मार्चमध्ये एकेक झाड स्वतंत्र उपटा. हरभऱ्याएवढ्यापासून लिंबाएवढ्यापर्यंत कंद निघतील, क्वचित मोठे. पहिल्या वर्षीच्या आकारावरून निकाल देऊ नका, पुढच्या वर्षी त्याच कंदांपासून खरं उत्पन्न कळतं. डोळे फार खोल, दोरे हातभर लांब जाऊन कंद विखुरलेले, साल तडकलेली, करप्याने आधी बसलेलं, अशी झाडं बाद. प्रत्येक झाडाचे कंद वेगळ्या कागदी पिशवीत, क्रमांक घालून. एकदा ढीग एकत्र झाला की तो परत वेगळा करता येत नाही.

चव बघताना सावध राहा. काही रोपांच्या कंदांत सोलॅनिनचं प्रमाण वाढलेलं असतं, आणि ते उकडून जात नाही. नव्या झाडाचा कंद उकडून त्याचा नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवा. कडू लागला किंवा घशात चुरचुरलं तर थुंकून टाका आणि तो क्रमांक मुळासकट काढून टाका. पुढच्या वर्षी सुधारेल म्हणून ठेवायचा नाही. सालीवर हिरवट झाक असलेला कंद चवीला घेऊच नका, कारण उजेड लागल्यानेही कडवटपणा येतो आणि मग दोष वाणाचा की उजेडाचा ते कळत नाही.

राहिलेल्या पाच-सहा क्रमांकांचे कंद हवेशीर, अंधाऱ्या, गार जागी ठेवा. पश्चिम महाराष्ट्रातल्या मार्च-एप्रिलच्या उन्हाळ्यात घरगुती साठवण अवघड जाते. फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात कागदी पिशवीतून ठेवलेले लहान कंद जूनपर्यंत टिकतात. लावण्याआधी तीन आठवडे बाहेर काढा, कोंब आणा, आणि त्या खरिपात प्रत्येक क्रमांकाची चार झाडं लावा. त्यातली फुलणारी कोणती ते तेव्हाच टिपून ठेवा. एखादा क्रमांक दोन-तीन हंगाम टिकला आणि गावात लोक मागू लागले, तर २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्याला आपल्या नावावर वाण नोंदवता येतो. अर्ज करताना आई-बापाची आणि वर्षांची नोंद विचारली जाते, तेव्हा पुडीवरच्या पेन्सिलच्या चिठ्ठ्या फेकू नका.